हजेरीपटाची विद्या

बारावीचे निकाल लागले, कीं सुशिक्षित घरांतून दोन आठवडे दुसरा विषय निघत नाहीं. ज्या मुलांचा कल वैद्यकीकडे किंवा यंत्रशास्त्राकडे स्पष्ट असतो, त्यांच्या घरची चिंता गुणांची आणि पैशाची असते. परंतु ज्या मुलाला गणिताची गोडी बेताची, बोलणेंचालणें चांगलें आणि चार माणसांत वावरण्याची हौस पुष्कळ, त्याचें पुढें काय करावें हा प्रश्न वडील मंडळींस अधिक छळतो. अलीकडे अशा मुलांपुढें एक नवा मार्ग ठेवला जातो. बी. बी. ए. ही व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी घ्यावी आणि तींत मनुष्यबळ व्यवस्थापन हा खास विषय निवडावा, असें त्यांस सांगण्यांत येतें. मग पवनीसारख्या गांवांतून भंडाऱ्याच्या किंवा नागपूरच्या महाविद्यालयांची चौकशी सुरू होते, आणि घरांतले आजोबा विचारतात, “माणसें सांभाळावयाला पदवी कशाला? आमच्या वेळीं या घरांत तीस पानें वाढलीं जात. तीं माणसें कोणत्या पदवीनें सांभाळलीं?” प्रश्न थट्टेचा वाटला, तरी त्याला नीट उत्तर दिलें पाहिजे. या महिन्यांत तेंच करण्याचें योजिलें आहे.

प्रथम या पदवींत शिकवतात काय, तें पाहूं. अभ्यासक्रम तीन वर्षांचा. आरंभीं हिशेब, अर्थशास्त्र, व्यापारी कायदा, संख्याशास्त्र, विक्रीचें तंत्र आणि व्यवस्थापनाचीं मूलतत्त्वें हे विषय सर्वांस सारखेच असतात. मनुष्यबळाचा खास अभ्यास त्यानंतर येतो. माणूस कसा निवडावा, त्याला कामाचें शिक्षण कसें द्यावें, वेतन कसें ठरवावें, कामाची पारख कशी करावी, तक्रार कशी ऐकावी, मालक आणि कामगार संघटना यांच्या वाटाघाटी कशा चालतात आणि कामगारांचे कायदे काय सांगतात, हे त्याचे मुख्य भाग होत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें चौथें वर्ष करून ऑनर्स पदवी घेण्याची वाटही मोकळी केली आहे. २०२४ पासून ही पदवी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेंत आली, आणि महाराष्ट्रांत तिच्या प्रवेशासाठीं सामाईक परीक्षाही त्याच वर्षीं सुरू झाली.

आतां आजोबांच्या प्रश्नाकडे वळूं. त्यांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. एकत्र कुटुंबांतल्या कर्त्या बाईला जें साधत असे, तें पुस्तकांत शोधून सांपडणार नाहीं. कोणत्या सुनेला पहांटेचें काम झेपतें, कोणती रागावली तरी शब्द मोडत नाहीं, कोणत्या दिराच्या हातीं पैसा देऊं नये आणि कोण पैपैचा हिशेब आणून देईल, हें त्या बाईला बिनचूक ठाऊक असे. परंतु त्याच घरांत आणखीही एक गोष्ट घडे. जी सून गाजावाजा न करतां राबे, तिचें राबणें कोणाच्या ध्यानांत राहत नसे. आणि जिची वाणी गोड, तिच्या पदरीं कौतुक पडे. नोंद कोठेंच नव्हती. न्याय होई तो वडीलधाऱ्यांच्या मर्जीनें, आणि मर्जी फिरली कीं न्यायही फिरे. घरांत प्रेमानें ही उणीव थोडीबहुत भरून निघते. पण जेथें हजार माणसें पोटासाठीं एकत्र येतात आणि एकमेकांचीं कोणी लागत नाहींत, तेथें मर्जीवर भागत नाहीं. तेथें नियम लागतो, नोंद लागते आणि ती नोंद खरी ठेवणारा माणूस लागतो. मनुष्यबळ व्यवस्थापन या भारदस्त नांवाच्या विद्येचा गाभा आमच्या मतें एवढाच आहे: दुसऱ्याच्या श्रमाची खरी नोंद ठेवावी, आणि त्या नोंदीप्रमाणें ज्याचें त्याला द्यावें.

ही विद्या परदेशांतून आली, असें पुष्कळांस वाटतें. तिचें नांव परकें खरें. पण तिचा एक जुना धडा आपल्या विदर्भांतच घालून दिला गेला आहे. पवनीहून नागपूर सुमारें ८० किलोमीटर. तेथें १ जानेवारी १८७७ रोजीं जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस गिरणी सुरू झाली. त्या काळीं पवनी हें हातमागाचें नांवाजलेलें गांव होतें. येथील तलम रेशीमकांठी वस्त्रांचा लौकिक होता. पवनीचा असो वा नागपूरचा असो, हातमागावर बसणारा विणकर हा आपल्या वेळेचा धनी होता. सण आला, लग्न निघालें, घरांत आजारपण आलें, तर माग थांबे आणि मागाहून चालू होई. गिरणीचा भोंगा असें कांहीं जाणत नव्हता. त्यामुळें माणसें आज येत आणि उद्यां येत नसत. गैरहजेरी ही त्या गिरणीची आरंभींची मोठी अडचण होती.

यावर दंड बसविणें हा सोपा उपाय होता. जमशेटजींनीं वळण दुसरें दिलें. त्यांनीं नियमित येणाऱ्यांस बक्षिसें ठेवलीं, आंतली हवा सुसह्य व्हावी म्हणून यंत्रें बसविलीं, १८८६ मध्यें म्हातारपणासाठीं निवृत्तिवेतनाचा फंड काढला आणि १८९५ मध्यें अपघात झालेल्यांस भरपाई देण्याची व्यवस्था केली. गिरणीच्या व्यवस्थापकाची निवडही ध्यानांत घेण्यासारखी आहे. बेझनजी दादाभाई मेहता हे कापडाच्या धंद्यांतले नव्हते. ते रेल्वेच्या नोकरींतून आले होते. सूत कसें निघतें हें शिकतां येतें, पण माणसें चालविण्याची हातोटी ज्याच्या अंगीं आधींच आहे त्याला धुंडून आणावें लागतें, असा त्या निवडीचा अर्थ दिसतो.

या दोन योजनांचें मोल कळावयास पुढील सालें पाहावीं. अपघाताच्या भरपाईचा सरकारी कायदा १९२३ मध्यें झाला, म्हणजे गिरणीनें ती व्यवस्था केल्यावर २८ वर्षांनीं. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा तर १९५२ चा, म्हणजे त्या फंडानंतर ६६ वर्षांनीं. यांत मालकाचा धर्मादाय नव्हता. माणूस टिकला तर गिरणी टिकते, हा हिशेब त्यांत होता, आणि तो हिशेब खरा होता. पण तोही कायमचा पुरला नाहीं. १९८६ मध्यें गिरणी टाटांच्या हातून राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्यें ती बंद पडली. उत्तम व्यवस्थापनानें गिरणी अमर होत नाहीं. मात्र गिरणी बंद पडते त्या दिवशीं कामगाराच्या हातीं काय उरावें, हें त्याच्या नांवापुढें वर्षानुवर्षें काय लिहिलें गेलें यावर ठरतें.

हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ मध्यें झाला. ठराविक काळ नोकरी केलेल्या माणसाला प्रत्येक पुऱ्या वर्षामागें १५ दिवसांचें वेतन मिळावें आणि त्यासाठीं महिना २६ दिवसांचा धरावा, अशी त्याची रीत. समजा, एकाचें शेवटचें मासिक वेतन १३,००० रुपये आहे. १५ दिवसांचे ७,५०० झाले. नोकरी २० वर्षें झाली असेल, तर १,५०,००० रुपये त्याच्या हातीं यावेत. आतां असें समजा, कीं पहिलीं ६ वर्षें त्याचें नांव हजेरीपटावर चढलेंच नव्हतें. कधीं या मुकादमाच्या, कधीं त्या मुकादमाच्या टोळींत तो काम करीत होता. मग हिशेब १४ वर्षांचाच होतो आणि ४५,००० रुपये जातात. कोणी चोरी केली नाहीं, कोणी तिजोरी फोडली नाहीं. एका रकान्यांत एक नांव लिहावयाचें राहिलें, आणि तेवढ्यानें एका म्हाताऱ्याच्या औषधपाण्याचा पैसा गेला. ज्या मुलाला आपण या विद्येस घालणार, त्याच्या हातीं हा रकाना यावयाचा आहे.

दुसरा कागद वारस नेमण्याचा. २४ जानेवारी २०२५ रोजीं आपल्याच जिल्ह्यांत जवाहरनगरच्या आयुध निर्माणींत मोठा स्फोट झाला आणि आठ माणसें मृत्युमुखीं पडलीं. असा प्रसंग कोणत्याही कारखान्यावर आला, तरी पहिला प्रश्न एकच असतो: त्या वेळीं आंत कोण कोण होतें? त्याचें उत्तर हजेरीपट देतो. दुसरा प्रश्न, कोणाच्या घरीं काय कळवावयाचें? आणि दिवस-वार होऊन गेल्यावर तिसरा, त्याच्या निधीचे पैसे कोणाच्या हातीं द्यावयाचे? लग्नापूर्वीं आईचें नांव लिहिलेलें असतें. लग्नानंतर तो कागद नव्यानें करावा लागतो, आणि तो कोणी आठवणीनें करून घेतलेला नसतो. मग दुःखाच्या घरांत पैशाचा तंटाही शिरतो. साध्या दिवशीं, कोणीही पाहत नसतांना हा कागद ज्यानें पुरा करून घेतला, त्यानें एका घराची अब्रू राखली असें म्हणावें लागेल.

आतां नोकरीविषयीं. १९४८ च्या कारखाना कायद्यानें ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमण्याचें बंधन घातलें. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि पूर्वींचे २९ कायदे त्यांत आले. त्यांत ही मर्यादा २५० कामगारांवर आली आहे. मुदतीच्या करारावर नेमलेल्या माणसास एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला आहे. म्हणजे या विद्येचें क्षेत्र वाढत आहे. परंतु पालकांनीं येथें एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कल्याण अधिकाऱ्याच्या जागेला नुसती बी. बी. ए. पुरत नाहीं, पदवीवर कामगार कल्याणाची किंवा सामाजिक शास्त्रांतील मान्यताप्राप्त पदवी वा पदविका लागत आली आहे. मुंबईस १९३६ मध्यें निघालेली टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि जमशेदपूरची १९४९ ची झेवियर संस्था यांचा या विषयांतला लौकिक पदवीनंतरच्या शिक्षणाचाच आहे. मुंबईस १९४७ मध्यें निघालेली सरकारी श्रमविज्ञान संस्थाही त्याच तोडीची. तिला आज नारायण मेघाजी लोखंडे यांचें नांव आहे. ज्यांच्या खटपटीनें १८९० मध्यें गिरणी कामगारांस रविवारची सुटी मिळाली, तेच हे लोखंडे. तात्पर्य, तीन वर्षांनंतर मूल मोठ्या हुद्द्यावर बसेल अशी आशा धरूं नये. आरंभ बहुधा पगारपत्रकें, अर्जांची छाननी आणि भरतीचे दूरध्वनी यांनींच होतो.

याच अधिकाऱ्यासंबंधीं नियमांत आणखी एक अट आहे, ती आमच्या भागांतील मुलांस अनुकूल आहे. कारखान्यांतील बहुसंख्य कामगारांची भाषा त्याला चांगली आली पाहिजे. वरठीच्या पोलादाच्या कारखान्यांत, गडेगांवच्या मोटारींच्या कारखान्यांत किंवा तुमसर तालुक्यांतील मँगनीजच्या खाणींवर इंग्रजी गुळगुळीत बोलणाऱ्याचें काम अर्जापुरतें. पुढें झाडीबोलींतली तक्रार तिच्या हेलासकट समजावी लागते. गांवच्या बाजारांत वाढलेल्या मुलाला ती समजते. घरांत या बोलीला हंसण्याची संवय असेल, तर ती आजच सोडावी.

या विद्येच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिचीं पुस्तकें बहुधा मोठ्या कचेऱ्या आणि मोठे कारखाने डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलीं असतात. आपल्या जिल्ह्यांतलीं कितीतरी माणसें अशा ठिकाणीं कामच करीत नाहींत. कोणी धानाच्या बांधींत रोजानें रोवणी करतें, कोणी घरीं बसून विड्या वळतें, कोणी ठेकेदाराच्या टोळींतून परगांवीं जातें. विडी कामगारांसाठीं १९६६ मध्यें स्वतंत्र कायदा करावा लागला, तो काम घरांत चालतें आणि मालक दूर असतो म्हणूनच. पवनीच्या जगन्नाथ टेकडीचें १९६९-७० मध्यें उत्खनन झालें, तेव्हां प्राचीन स्तूपाचे लेख कोरलेले दगड निघाले. दान देणाऱ्यांचीं नांवें त्यांवर आहेत. दगड वाहणाऱ्यांचीं नांवें कोरण्याची तेव्हां रीत नव्हती. दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या उणिवेला आज सबब उरलेली नाहीं. हजेरी आतां बोटाच्या ठशानें लागते आणि पगार संगणक काढतो. पण यंत्राला जें नांव दिलें तेंच तें मोजतें. कोणाचें नांव त्यांत घालावयाचें, हें अजून माणूसच ठरवतो.

यापुढचें बोलणें थोडें कडू आहे, आणि तें विद्यार्थ्यांपेक्षां आपल्यासारख्या घरांसाठीं आहे. घरचा मुलगा अशा जागेवर लागला, कीं पहिल्या दिवाळींतच त्याची परीक्षा होते. मामा म्हणतात, “आमच्या धाकट्याला तेवढा चिकटव.” आत्याबाईंच्या जावयाचा अर्ज येतो. शेजारचे नाना पेढे घेऊन येतात. मुलानें “जागेची जाहिरात निघेल तेव्हां अर्ज करा” असें म्हटलें, कीं पोराला गर्व झाला, शिकून परका झाला, असें चहूंकडे होतें. वास्तविक त्याच्या शिक्षणाचा पहिला धडा हाच होता, कीं जागा कामाला योग्य माणसाची, आपल्या माणसाची नव्हे. ओळखीनें एक लागला, तर ओळख नसलेला एक राहिला. आणि तो बहुधा अशा घरचा असतो, जेथें पिढ्यान् पिढ्या कोणाची ओळखच नव्हती. आपल्या घरांना ओळखीचा लाभ पुष्कळ वर्षें मिळाला आहे. मुलाला ही विद्या शिकवावयाची आणि तो ती पाळूं लागला कीं त्याच्यावर रागावयाचें, असें दोन्हीकडून चालणार नाहीं. हा राग गिळण्याची तयारी नसेल, तर मुलाला दुसरा विषय घेऊं द्यावा.

मुलींविषयीं एक शब्द. टेबलाशीं बसून करावयाचें काम म्हणून हा विषय मुलींस सोयीचा, असें कांहीं घरांत मानतात. तें कारण बरोबर नाहीं. संप, अपघात, बडतर्फी, कपात असे कठीण प्रसंग याच टेबलावर येतात. खरें कारण दुसरें आहे. कामाच्या ठिकाणीं स्त्रियांचा लैंगिक छळ होऊं नये यासाठीं २०१३ मध्यें कायदा झाला. दहा वा अधिक माणसें कामाला असतील तेथें तक्रार समिति पाहिजे, तिची अध्यक्ष स्त्री असावी आणि निदान निम्म्या सभासद स्त्रिया असाव्या, असें त्यांत सांगितलें आहे. कायदा जाणणारी आणि न डगमगणारी स्त्री अशा समितीवर असली, तर तिच्याकडे येणाऱ्या पोरीबाळींस किती आधार होईल, हें आपल्या वाचकभगिनींस सांगावयास नको.

प्रवेश घ्यावयाचा ठरलाच, तर महाविद्यालयांत जाऊन पालकांनीं चार प्रश्न विचारावे. पदवी कोणत्या विद्यापीठाची आणि परिषदेची मान्यता आहे काय? मनुष्यबळाचा खास विषय प्रत्यक्ष शिकवला जातो, कीं माहितीपत्रकांतच छापला आहे? कामगार कायदा शिकवतांना नव्या संहिता शिकवतात, कीं जुनेच तास चालू आहेत? आणि विद्यार्थ्याला कारखान्यांत किंवा कचेरींत निदान कांहीं आठवडे उमेदवारीस पाठवतात काय? चौथ्या प्रश्नाचें उत्तर गुळमुळीत आलें, तर इमारत कितीही भव्य असो, विचार करावा. पोहणें जसें वैनगंगेच्या कांठीं बसून येत नाहीं, तसें हें शास्त्रही वर्गांत बसून येत नाहीं. मुलानें पदवीच्या काळांतच हिशेब पक्का करावा, एखादा कामगार कायदा मुळांतून वाचावा, आणि पुढें पदव्युत्तर शिक्षणाची दोन वर्षें व खर्च आतांच मनांत धरावा.

आणि प्रवेशाच्या आधीं एक सोपी परीक्षा घरींच घ्यावी. तिला पैसा लागत नाहीं. घरीं धुणींभांडीं करणारी बाई असेल, शेतावर पाडव्यापासून ठेवलेला सालगडी असेल, तर त्यांचा एका वर्षाचा हिशेब मुलाकडून लिहवून घ्यावा. किती दिवस काम झालें, किती रजा झाल्या, त्यांतल्या आजारपणाच्या किती, उचल किती दिली, ती कशी वळती केली, दोन वर्षांत वाढ कितीची झाली, दिवाळीला काय दिलें. लिहून झाल्यावर तो हिशेब त्या बाईपुढें, त्या गड्यापुढें वाचून दाखवावा, आणि चुकलें असेल तें त्यांना सांगूं द्यावें. मुलाला हें काम कंटाळवाणें वाटलें, तर विषय बदलावा. त्याला त्यांत गोडी वाटली आणि घरच्यांनींही निघालेली बाकी मुकाट्यानें चुकती केली, तर मुलाला खुशाल नागपुरास पाठवावें.